वीज गेल्यानंतरची दहा मिनिटे कागदावर आणा

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनंतर तपासण्या वाढल्या, नोटिसा निघाल्या. आमची मागणी वेगळी आहे. उष्णता सोडणाऱ्या अभिक्रिया बॅच रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे एका वेळी एक घाण तयार करणाऱ्या भांड्यात, चालवणाऱ्या प्रत्येक कारखान्याकडून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने डायनॅमिक सिम्युलेशन, म्हणजे तापमान व दाब मिनिटागणिक कसे बदलतील याचे संगणकावरचे गणित, मागावे.

डिझाइनच्या फायलीत आज बहुधा स्थिर अवस्थेचा ताळेबंद असतो : इतका माल आत, इतका बाहेर, इतकी उष्णता ब्राइनने (थंड केलेल्या खारट पाण्याने) नेली. पण बॅच कधीच स्थिर नसते. वीज गेली की तापमान कोणत्या मिनिटाला कुठे पोहोचेल, हे त्या ताळेबंदात नसते. हाझॉपच्या (काय काय बिघडू शकते याच्या पद्धतशीर तपासणीच्या) तक्त्यात तिथे ‘ऑपरेटर लक्ष ठेवील’ एवढे लिहून पुढची ओळ सुरू होते.

आकारापासूनच पाहा. १ लिटरच्या फ्लास्कच्या तुलनेत त्याच आकाराच्या ५,००० लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये दर लिटरमागे थंड करणारी भिंत सुमारे १७ पट कमी असते. अभिक्रियेची उष्णता किलोमागे ३०० किलोज्यूल आणि मिश्रणाची विशिष्ट उष्णता (एक किलो एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) २ किलोज्यूल धरली, तर थंडावा बंद पडल्यावर तापमान १५० अंशांनी चढू शकते. डोझिंग (कच्चा माल हळूहळू आत सोडणे) चालू असताना ३० टक्के माल अभिक्रिया न होता साचलेला असेल, तर ४५ अंशांनी. म्हणजे ६० अंशांवरची बॅच १०५ वर जाते. तिथे विघटन सुरू होत असेल, तर पुढचे कोणाच्याच हातात राहत नाही.

हे साचणे फसवे असते. सावधगिरी म्हणून ऑपरेटर तापमान कमी ठेवतो, अभिक्रिया मंदावते, डोझिंग मात्र चालूच राहते. त्यात वीज गेली की स्टरर (ढवळणी) थांबतो आणि थर वेगळे होतात. डोझिंग टाकी वर असेल तर माल उतारानेच येत राहतो. डीजी सेट (डिझेल जनरेटर) लागला, स्टरर पुन्हा फिरला, की साचलेले सगळे एकदम पेटते. तापमान राखणाऱ्या कंट्रोलरचीही गंमत असते : वाफेने तापवताना त्याचा इंटिग्रल भाग, म्हणजे मागची तफावत साठवत जाणारा हिशेब, भरून जातो आणि अभिक्रिया सुरू झाली तरी वाफेचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. म्हणून मॉडेलमध्ये जाड थर्मोवेलचा (तापमापकाभोवतीच्या नळीचा) उशीर, व्हॉल्व्हचे अडकणे, जॅकेटमधल्या (रिअ‍ॅक्टरभोवतीच्या कवचातल्या) ब्राइनचा साठा हे सगळे घ्यावे लागते. आदर्श कंट्रोलर बसवून काढलेला आलेख भिंतीवर छान दिसतो, एवढाच त्याचा उपयोग.

अमेरिकेत फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे १९ डिसेंबर २००७ रोजी टी-टू लॅबोरेटरीजमध्ये चार जण मेले. ती १७५वी बॅच होती. ४२व्या बॅचपासून माल एक-तृतीयांशाने वाढवला होता, थंड पाण्याला पर्यायी सोय नव्हती, आणि तापमान चढल्यावर सोडियम व द्रावकात दुसरी अभिक्रिया सुरू होते हे मालकांना ठाऊक नव्हते. रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटून तो बाहेर सोडणारी चकती) ४०० पीएसआय दाबाला फुटेल अशी लावलेली होती. तोवर उशीर झाला होता.

म्हणून मॉडेलमधले आकडे पुस्तकातून उचललेले नकोत, कॅलरीमीटरवर (अभिक्रियेची उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेले हवेत. साचलेला माल सर्वाधिक असताना वीज जाणे, ब्राइन बंद पडणे, डोझिंग दुप्पट होणे आणि स्टरर उशिरा सुरू होणे, या चार प्रसंगांचे मिनिटवार आलेख मागा. इंटरलॉक (धोका दिसताच डोझिंग आपोआप थांबवणारी यंत्रणा) किती अंशांवर लावायचा आणि रप्चर डिस्क केवढी हवी, हे त्यावरूनच ठरावे. बॅचचा आकार, द्रावक किंवा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) बदलला की सिम्युलेशन पुन्हा.

१९८९च्या घातक रसायन नियमांतील सुरक्षा अहवालाची अट मुख्यतः साठ्याच्या प्रमाणावर लागते. अभिक्रियेत किती उष्णता दडली आहे, हे ती पाहत नाही. त्यामुळे छोटे कारखाने सुटतात.

खर्चाची ओरड होईल. सॉफ्टवेअरचा प्रश्न फार मोठा नाही, मुंबई आयआयटीचा फॉसी हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प ज्यांचा प्रसार करतो ती डीडब्ल्यूसिम, ओपनमॉडेलिकासारखी सिम्युलेशनची साधने फुकट आहेत. महाग आहे ते कॅलरीमीटर. सांडपाण्यासाठी सामायिक केंद्रे उभी राहिली, तशी तारापूर, लोटे आणि कुरकुंभ येथे सामायिक चाचणी प्रयोगशाळा उभारावी आणि पहिली पाळी छोट्या कारखान्यांना द्यावी.

आपले,
प्रक्रिया व इन्स्ट्रुमेंटेशन क्षेत्रातील काही अभियंते