छोट्या आवारासाठी हादगा लावावा

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की गृहनिर्माण संस्था, शाळा आणि नगरपालिका वृक्षारोपणाच्या याद्या करू लागतात आणि त्यांत 'मातीला नत्र देणारी फुलझाडे' म्हणून बहावा, गुलमोहर व कांचन यांची नावे अनेकदा घातली जातात. ही झाडे देखणी आहेत, बहावा तर आपल्याच रानातला आहे. परंतु शेंगा येत असल्या तरी या तिघांच्याही मुळांवर हवेतील नत्र (नायट्रोजन) स्थिर करणाऱ्या, म्हणजे झाडाला वापरता येईल अशा रूपात आणणाऱ्या, जिवाणूंच्या गाठी धरत नाहीत.

पांगाऱ्याला त्या गाठी येतात, मात्र तो काटेरी आहे आणि लहान आवारात मावत नाही. मूळच्या मध्य अमेरिकेतील गिरिपुष्पाने शेताच्या बांधावर हिरवळीचे खत म्हणून मोठे काम केले आहे. वारंवार छाटले तरी ते पुन्हा फुटते. पण पुण्याच्या टेकड्यांवर केली तशी त्याची सलग लागवड मला मान्य नाही, कारण तिच्यात स्थानिक झाडाझुडपांना वाव राहत नाही.

म्हणून शाळेच्या किंवा घराच्या मोजक्या जागेसाठी मी हादगा सुचवतो. त्याच्या मुळांवरही अशा गाठी येतात. तो बियांपासून सहज उगवतो, झपाट्याने वाढतो, त्याची सावली विरळ असल्याने खाली भाजीपाला घेता येतो आणि त्याची पांढरी किंवा लाल, होडीच्या आकाराची मोठी फुले मधला कडू भाग काढून भाजीला वापरता येतात. मात्र त्याचे लाकूड ठिसूळ व आयुष्य कमी असल्याने तो वाहनतळाजवळ लावू नये, आणि गिरिपुष्पाप्रमाणे त्याची वारंवार खोल छाटणीही करू नये.

हादग्याच्या रोपाची मुळे हलकेच तपासून एखादी गाठ कापून पाहावी; ती आतून गुलाबी असेल तर जिवाणू काम करीत आहेत असे समजावे. झाडाने साठवलेले नत्र शेजारच्या झाडांना मिळते ते मुख्यतः गळलेला पाला व मुळे कुजल्यावर. असे असताना अनेक आवारांत हाच पाला रोज झाडून जाळला जातो, हे पाहून फार वाईट वाटते. तो आळ्यातच पसरू द्यावा, आणि नगरपालिकांच्या उद्यान विभागांनी यंदा आपल्या रोपवाटिकांत शोभेच्या परदेशी झाडांबरोबर हादग्याचीही रोपे तयार करावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक