पाटीवरची साद

रोला, मिसूरी
४ मे २०२५

प्रिय सुध्या,

तुझा निरोप आल्यापासून उत्तर मनात घोळतंय. एकच ओळ लिहिली होतीस, ‘तू बंदूक हातात घेतलीस, खरं का?’ खरं आहे. आणि काल सकाळी ती चालवलीही. फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच काहीतरी बोलला असतास आणि मी गप्प बसलो असतो. म्हणून पत्र.

तू वनरक्षक. तुझं अर्धं आयुष्य आपल्या बीटातले, म्हणजे राखणीच्या रानातले, तारेचे फासे उपसण्यात गेलं. रानडुकरासाठी सोडलेल्या विजेच्या तारेला चितळाची मादी चिकटली होती तेव्हा तू दोन दिवस धड जेवला नव्हतास, हे वहिनींनी मला सांगितलं होतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्या जन्माच्या आधीचा. शिकार म्हणजे गुन्हा, एवढंच आपल्याला ठाऊक, आणि आपल्याकडे ते तसंच राहावं असं मला आजही वाटतं. तुला पटवायला बसलेलो नाही. घडलं तसं सांगतो, मग तू काय म्हणायचं ते म्हण.

इथे एप्रिलचा तिसरा सोमवार आला की टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो. तीन आठवडे. आपल्याकडे मोहफुलं वेचायचे दिवस, तेच. ओझार्कच्या डोंगरात तेव्हा ओकला नुकती पालवी फुटलेली असते, रेडबडची जांभळट गुलाबी फुलं गळत आलेली असतात आणि खाली ओल्या पाचोळ्यात गुच्छी ही अळंबी उगवते. हो, तीच काश्मीरची महागडी गुच्छी. लोक पिशव्या घेऊन ती शोधत हिंडतात.

मला नेलं ते शेजारच्या आजोबांनी. वय एक्याऐंशी. नेण्याआधी त्यांनी मला शासनाचा शिकारी-प्रशिक्षणाचा वर्ग पूर्ण करायला लावला. १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्याला तो सहसा करावाच लागतो. मग अंगणात बसवून त्यांनी आपले नियम सांगितले. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, कारण नराचं डोकं त्याच रंगांचं असतं आणि झुडपाआड दुसरा शिकारी असू शकतो. आपल्या खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून बसायचं. दुसरा माणूस दिसला तर हात हलवायचा नाही, मोठ्यानं बोलायचं. आवाज ऐकून पक्ष्यावर चाल करून जायचं नाही, कधीच नाही. आणि बंदुकीचा घोडा दाबण्याआधी दाढी दिसलीच पाहिजे.

दाढी म्हणजे नराच्या छातीतून लोंबणारा राठ पिसांचा झुपका, घोड्याच्या केसांसारखा. वसंतात दाढीवालाच पक्षी मारता येतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि हंगामाची तारीखही अशी धरलेली की बहुतेक माद्यांचं मीलन तोवर उरकलेलं असतं. एका माणसाला सगळ्या हंगामात दोन पक्षी, त्यातही पहिल्या आठवड्यात एकच. पक्षी मिळाला की त्याच रात्री दहाच्या आत नोंद करायची. सरकारी रानात दुपारी एकला बंदुका बंद.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. या पक्ष्याच्या मागे जाता येत नाही. त्याची नजर इतकी तीक्ष्ण, की पापणी लवलेली त्याला दिसते असं आजोबा म्हणतात. त्याला आपल्याकडे बोलवावं लागतं, मादीच्या आवाजात. आणि तो आवाज कशावर काढतात माहीत आहे? पाटीवर! आपल्या शाळेतल्या पाटीसारखीच खरी दगडी पाटी, तळहातावर मावेल एवढी गोल, एका वाटीत बसवलेली. लाकडी काडी पेन्सिलीसारखी धरायची, टोक न उचलता लहान लहान गोल काढायचे. तो बारीक कर्र आवाज कानात शिरला आणि मला गुरुजींच्या पाठीमागे पेन्सिल उभी धरून सगळ्या वर्गाच्या अंगावर काटा आणणारा तू दिसलास. पाटी गुळगुळीत झाली की पॉलिश-कागदानं खरवडायची. दुसरं एक वाद्य म्हणजे लाकडी पेटी, तिच्या झाकणाला खडू लावतात. दप्तरातलं सामान, सुध्या!

महिनाभर रोज रात्री स्वयंपाकघरात बसून मी ते गोल काढले. मादी बोलते ते सात-आठ सुरांचं, पहिला बारीक, पुढचे जाड होत जाणारे. मध्येच एखादा ‘कट्’. चरताना ती नुसती गुरगुरते, मांजर मांडीवर बसल्यावर करते तसं. तो गुरगुराट मला सर्वांत शेवटी जमला.

पहिल्या शनिवारी पहाटे साडेचारला आम्ही रानात होतो. चांगला काळोख होता, रातवा एकसारखा ओरडत होता. आजोबांनी तोंडावर हात धरून घुबडाची हाक दिली, आणि पलीकडच्या कड्यावरच्या झाडातून असा खळखळाट उठला की माझ्या हातातला थर्मास हलला. नर रात्री झाडावर झोपतात आणि घुबडाच्या हाकेनं, विजेच्या कडकडाटानंसुद्धा चिडून उत्तर देतात. तो आवाज मैलभर जातो. आपल्या मोराचा केकारव आठव आणि त्याखाली रिकाम्या हंड्यात गोटे घुसळल्यासारखं काहीतरी घाल.

त्या दिवशी चूक माझ्या हातून झाली. नर खाली उतरला, दोन माद्या पुढे चालत आल्या, आणि माझा पाय बधिर झाला म्हणून मी गुडघा चार बोटं सरकवला. पुढची मादी थबकली. मान उंच केली आणि ‘पट्’ म्हणाली. एकदाच. क्षणात रान रिकामं. आजोबा काहीच बोलले नाहीत. घरी जाताना एवढंच म्हणाले की त्या मादीनं आज नराचा जीव वाचवला. दुसऱ्या दिवशी पावसानं पाटी ओली झाली आणि ओली पाटी बोलत नाही.

काल पुन्हा गेलो. पहाटे त्यानं झाडावरून दहा-बारा हाका दिल्या, खाली उतरला आणि माद्यांच्या मागे निघून गेला. मला उठावंसं वाटलं, पण आजोबांनी मान हलवली. या दिवसांत मादी रोज एक अंडं घालते, दहा-बारा होईपर्यंत. त्यासाठी सकाळ चढली की ती हळूच घरट्याकडे निघून जाते आणि नर एकटा पडतो. तेव्हा त्याला सकाळची हाक आठवते.

सव्वादहा झाले असतील. मी पाटीवर तो गुरगुराट काढला, अगदी हलका, आणि पाचोळ्यात बोटांनी खरवडलं. उत्तर आलं नाही. मग छातीत काहीतरी घुमल्यासारखं झालं. कानाला ऐकू येण्याआधी बरगडीला कळणारा तो आवाज, लांबवर ट्रॅक्टर सुरू असावा तसा. नर फुलून चालतो तेव्हा असा घुमतो. आणि मग झुडपाच्या कडेनं तो आला. शेपटीचा पंखा उघडलेला, पंखांची टोकं जमिनीला घासत, दोन पावलं आणि थांबा, दोन पावलं आणि थांबा. ऊन पडलं की पिसांवर तांब्याची झाक.

त्याचं डोकं मी तुझ्यासाठी नीट पाहून ठेवलं. आधी लालभडक होतं. माझ्या समोर ते पांढरं झालं, कापसासारखं, आणि डोळ्याभोवती निळं. चोचीवरून एक मांसल लोळी लोंबत होती, ती आखडली आणि पुन्हा लांबली. १६१२ मध्ये मुकर्रबखान या मुघल सरदारानं गोव्याहून जे नवलाचे प्राणी जहांगीरसाठी नेले त्यांत हा पक्षी होता. बादशहानं तो बघून आपल्या रोजनिशीत लिहिलं की याचं डोकं कधी पोवळ्यासारखं, कधी कापसासारखं, कधी पिरोजासारखं होतं आणि फुलला की मोरासारखा नाचतो. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरनं काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चारशे वर्षांपूर्वीचं ते वर्णन शब्दाशब्दानं खरं आहे.

तो अठ्ठावीस पावलांवर थांबला. एका झाडाआड गेला तेव्हा मी बंदूक वर घेतली. बाहेर आला, मान ताणून मादीला शोधू लागला. ती कुठेच नव्हती. मी होतो. त्या क्षणी मला लाज वाटली हे तुझ्यापासून लपवत नाही. मी त्याच्याशी त्याच्याच भाषेत खोटं बोललो होतो. आपल्याकडे फासेपारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून रानातल्या तितराला बोलावतात, ते तेव्हा आठवलं. मग मी घोडा दाबला.

तो जागीच पडला. मी जवळ जाऊन बसलो आणि हात ठेवला. छाती गरम होती. डोक्यावरचा निळा रंग हळूहळू उतरत गेला, पाटीवरचं ओलं पुसणं वाळावं तसा. आजोबांनी टोपी काढली आणि बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी पक्षी नारिंगी कापडात गुंडाळला, म्हणजे वाटेत कुणी त्याला जिवंत समजू नये. साडेनऊ किलो भरला.

परत येताना त्यांनी जे सांगितलं ते तुझ्या कामाचं आहे. ते लहान असताना या डोंगरात टर्की जवळजवळ उरलाच नव्हता. बाजारासाठीची बेसुमार शिकार आणि जंगलतोड. मग फार्ममध्ये वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते टिकले नाहीत, रानाची भीतीच त्यांना ठाऊक नव्हती. शेवटी १९५० च्या दशकात उरलेल्या रानटी पक्ष्यांवर तोफेनं जाळी फेकून ते पकडले आणि रिकाम्या डोंगरांत नेऊन सोडले. १९६० मध्ये वसंताचा पहिला हंगाम उघडला, फक्त तीन दिवस, चौदा काउंट्यांत, म्हणजे इथल्या जिल्ह्यांत. तेव्हा सगळ्या राज्यात मिळून ९४ पक्षी मिळाले. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे होते. पैसा कुठून आला, तर १९३७ च्या कायद्यानं शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, आज तो ११ टक्के आहे. आणि १९७६ मध्ये मिसूरीच्या लोकांनी मत देऊन स्वतःवर विक्रीकर वाढवून घेतला, टक्क्याचा आठवा हिस्सा, जंगल खात्यासाठी. तुझ्या कार्यालयात पावसाळ्यात गस्तीचे बूट मिळत नाहीत असं म्हणाला होतास, ते तेव्हा आठवलं आणि वाईट वाटलं.

मांस वाया घालवलं नाही. छातीचे तुकडे साधे परतले. तंगड्या फार चिवट, त्या सुकं खोबरं, खसखस आणि आईनं पाठवलेल्या सावजी मसाल्यात कुकरला लावल्या, आठ शिट्ट्या. आजोबांनी भाकरी मागून घेतली.

एक काळजीचं लिहून ठेवतो. इथल्या रानात एक गोचीड आहे, मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो. ती चावली की काहींना मटणाचीच ॲलर्जी होते. घरी येऊन मी सगळं अंग तपासलं. दोन सापडल्या, चिमट्यानं काढल्या.

पुन्हा जाशील का, असं तू विचारणार. दुसरा पक्षी मी मारणार नाही, निदान यंदा. पण हंगाम ११ मेपर्यंत आहे आणि पुढच्या शनिवारी मी फक्त पाटी घेऊन त्याच झाडाखाली बसणार आहे. त्या कड्यावर अजून एक नर आहे, काल आम्ही निघालो तेव्हा तो ओरडत होता.

डिसेंबरात येतोय, तिकीट काढलंय. पाटी घेऊन येईन, तुझ्या पोराला दाखवायला. तू मात्र लिही. रागाचं असलं तरी लिही, एका ओळीत नको.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा,
अव्या