ऊन बागेत

ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं उघड लिहितेय. फ्रान्समधल्या ल्यों शहरातलं कुणी वाचेल आणि पोचवेल तुमच्यापर्यंत.

परवा सकाळी पार्त-दियूजवळच्या बेकरीत मी बागेत, म्हणजे तो लांबट फ्रेंच पाव, 'अँ बागेत' म्हणून मागितला, पुल्लिंगी करून, आणि मागचे दोघं फिसकन हसले, काउंटरवरच्या बाईने 'ऊन' असं, स्त्रीलिंगी, ठासून म्हटलं आणि मी तोंडातल्या तोंडात 'शी बाई' म्हणाले. ते तुम्ही ऐकलंत. पण वळून काहीच बोलला नाहीत, फक्त तुमचा नंबर आल्यावर अगदी सावकाश म्हणालात, 'ऊन बागेत ऑसी, सिल वू प्ले', म्हणजे मलाही एक बागेत द्या, प्लीज, जणू मीही तसंच म्हणाले होते. आणि बाहेर आल्यावर मराठीत, 'अगं, ऊन बागेत पडलंय, एवढंच लक्षात ठेव.' मी रस्त्यात उभी राहून हसले आणि मग डोळ्यात पाणीच आलं.

कारण पुण्यातल्या फ्रेंचच्या क्लासमध्ये वर्षभर मी एकच विचारत होते की फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी का, आणि सर म्हणायचे का विचारू नका, पाठ करा. बरं, नसेल कारण, मान्य, आपल्याकडे तरी भिंत ती आणि दगड तो का हे कोण सांगतं? पण शेवटी -एत असेल तर बहुतेक वेळा स्त्रीलिंगी, हे तरी सांगायचं ना! तुम्ही ट्रामची वाट बघता बघता सांगितलंत, वर अपवादही दिलात, स्केलेत, म्हणजे हाडांचा सांगाडा, तो मात्र पुल्लिंगी.

आणि मग ते क्रियापदाचं, ज्याला मी कायम घाबरायचे. पावाच्या कागदी पिशवीवर तुम्ही लिहिलंत, 'ती गेली, एल ए आले', इथे कर्त्याप्रमाणे. आणि 'मी चिठ्ठी लिहिली' यात लिहिली हे चिठ्ठीमुळे, मी बाई की पुरुष याचा काही संबंधच नाही. फ्रेंचमध्येही तसंच, फक्त चिठ्ठी आधी यायला हवी. 'ज़े एक्री ऊन लेत्र', मी चिठ्ठी लिहिली, मध्ये काही बदलत नाही, पण 'ला लेत्र क ज़े एक्रीत', मी लिहिलेली चिठ्ठी, म्हटलं की शेवटचा त ऐकू येतो. म्हणजे हे आपण लहानपणापासून करतोय की हो, कुणी कधी सांगितलंच नाही! नव्वदला 'चार वीस दहा' म्हणतात यावर आख्खा क्लास हसला होता, आणि आमची आजी तर विसावरच मोजायची, चार विसा न् दहा.

माणसाला हसू न देता दुरुस्त करता येतं, हे किती कमी लोकांना जमतं. हुशार पुष्कळ भेटले हो मला.

तुमची ट्राम आली आणि पिशवी माझ्याच हातात राहिली, पाव तसाच हातात धरून चढलात तुम्ही. पाव पुढच्या वेळी माझ्याकडून. आणि ही चिठ्ठी, ला लेत्र क ज़े एक्रीत. त म्हटलाय बरं का.