मिरगाची वाट न पाहता घाटातला वेग उतरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिमग्याचे खेळे घरोघर नाचून गेले आणि आमच्या वाडीमागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, रातवा बोलायला लागला. फरशीवर काचेची गोटी पडावी आणि टप्पे घेत घेत थांबावी, तसा त्याचा आवाज: चक्, चक्, चक्, चकरर्र. आवाज ऐकलेले लोक पुष्कळ, पक्षी पाहिलेले थोडे. दिवसा तो पाचोळ्यात बसला तर पाय पडायची वेळ येईपर्यंत कळत नाही. मला मात्र तो नेहमी दिसायचा. मी एसटीत चालक होतो, आंबोलीच्या वाटेवर रात्रीच्या गाड्या बरीच वर्षे नेल्या. काळोख पडला की रातवा तापलेल्या डांबरावर येऊन बसतो आणि तिथूनच उडून किडे टिपतो. हेडलाइटमध्ये त्याचे डोळे लालभडक चमकतात. गाडी अगदी जवळ येईपर्यंत तो हलत नाही, म्हणून चाकाखाली जातो. जुने चालक सडा लागला की आपसूक वेग कमी करायचे. हे कुठल्या नियमात लिहिलेले नव्हते, एकमेकांकडून शिकलेले होते.

पत्र आत्ताच लिहितो आहे, कारण पावसाळापूर्व तयारीच्या बैठका लवकरच सुरू होतील. दरडी, धोकादायक झाडे, गटारे, विजेच्या तारा या सगळ्यांचा विचार तिथे होतो आणि तो व्हायलाच हवा. पण ही सारी आखणी मेअखेर आणि मिरग, म्हणजे ७ जूनच्या सुमाराचे मृग नक्षत्र, धरून होते. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आणि डबक्यात अंडी घालणारे बेडूक ती तारीख पाळत नाहीत. ते उबेवर आणि पावसावर चालतात.

२०२५ चा मे आठवा. २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात पोहोचला, दुसऱ्या दिवशी देवगडपर्यंत आला आणि २६ मेला मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून आहे. त्याआधीही काही दिवस वळीव कोसळतच होता. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली लाकडे भिजली, आंबा-काजूवाल्यांचे नुकसान झाले, त्याच्या बातम्या आपण छापल्यात. रस्त्यावर काय झाले ते छापून आले नाही. शाळांना सुट्ट्या होत्या. कोल्हापूर, बेळगाव, गोवा तिन्हीकडच्या गाड्या आंबोलीत होत्या आणि नेमक्या त्याच रात्री बेडूक बाहेर पडले. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर घाट थोडा रिकामा होतो, तेव्हा पहिला पाऊस झाला तर बेडकांना निदान रस्ता ओलांडता येतो. पाऊस मेमध्ये आला की ती सवलतही राहत नाही. सकाळी घाटात वळणावळणावर चिरडलेले बेडूक होते. त्यात मोठे पिवळे नर होते. पावसाच्या पहिल्या सरींत या नरांचा रंग हळदी पिवळा होतो आणि गळ्याजवळच्या दोन पिशव्या निळ्या फुगतात. वर्षातल्या या मोजक्याच रात्री ते एवढ्या जोराने ओरडतात आणि माद्या त्या आवाजावर चालत येतात. त्याच रात्री रस्ता भरधाव असेल तर गेलेल्या मादीबरोबर तिच्या पोटातली अंडीही गेली.

यातला एक जीव तर आपलाच म्हणावा असा आहे. आंबोली टोड, बेडकाचाच भाऊबंद. अंगावर वाघासारखे पट्टे, आकाराने लहान. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात म्हणून नाव दिले आणि आंबोलीच्या आसपासच तो सापडतो. त्याला तळे लागत नाही. कातळावर वळवाचे पाणी साचून जी बोटभर खोल डबकी होतात, त्यांत तो अंडी घालतो. पाऊस मध्येच ओसरला तर डबके आटते आणि पिल्ले तिथेच वाळतात. २०२५ मध्ये मेअखेरीला मोसमी पावसाची पुढची चाल थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत. त्या मधल्या दिवसांत कातळावर काय उरले असेल याचा विचार करून मला फार वाईट वाटते. आभाळाचे आपण काही करू शकत नाही. पण त्याच डबक्यांवर गाड्या लावणे, फोटोसाठी बॅटऱ्या मारत कातळभर हिंडणे, बेडूक हातात धरून दाखवणे, हे तर थांबवता येईल. आंबोलीतल्याच हिरण्यकेशीच्या कुंडात नवा मासा सापडला तेव्हा २०२१ मध्ये त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. फार चांगले काम झाले. डबकी मात्र वर्षातून काही आठवडेच दिसतात, म्हणून ती कोणाच्या नकाशावर येत नाहीत.

आता रातव्याकडे परत येतो, कारण त्याचे संकट आजच दारात आहे. मार्च ते मे या दिवसांत तो सड्यावर उघड्या जमिनीवर दोन अंडी घालतो. घरटे नाही, काडी नाही, काही नाही. टिटवीचेही तसेच. आणि याच दिवसांत सड्यांना वणवे लागतात. काही भाजावळीतून, म्हणजे पेरणीआधी शेत भाजताना, हाताबाहेर जातात, काही मुद्दाम लावलेले असतात. गवत पुन्हा चांगले येते असे सांगतात. त्या गवताखालची अंडी मात्र जळून जातात आणि पक्षी दोन दिवस त्याच जागेवर घिरट्या घालतो. रातवा बोलायला लागला की सड्यावर कोणी काडी ओढू नये, एवढे प्रत्येक ग्रामसभेने ठरवले तरी पुष्कळ होईल. त्याला निधी लागत नाही.

बेडूक पकडण्याबद्दलही बोलले पाहिजे. पहिल्या पावसात गॅसबत्ती आणि पोती घेऊन निघणारे अजून आहेत. आपल्या देशाने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्येच बंद केली आणि बेडूक मारणे, विकणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. भातातले किडे आणि खेकडे खाणारा जीव आपण खायचा आणि मग औषधाच्या फवारणीला पैसे नाहीत म्हणायचे, हे मला पटत नाही.

पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणून रात्रीबेरात्री ओरडू लागला की शेतकरी बियाण्याला हात घालतो. तशीच खूण रस्त्यासाठी धरावी, अशी माझी मागणी आहे. ७ जूनला लावायचे म्हणून ठेवलेले ‘सावकाश चालवा’ फलक पहिल्या वळवाच्या रात्रीच लागले पाहिजेत, मग तो मे असो की एप्रिल. दाणोली सोडून घाट लागतो तिथे आणि वर चौकुळ फाट्याला रात्री आठ ते पहाटेपर्यंत माणूस उभा करावा आणि पर्यटकांच्या गाड्यांना वेग कमी करायला सांगावे. बेडूक कुठे ओलांडतात हे आंबोलीतल्या मुलांना पाठ आहे, वनखात्याने त्यांनाच बरोबर घ्यावे.

माझ्या एसटीतल्या भावांना वेगळे सांगतो. ओल्या घाटात बेडूक दिसला म्हणून कचकन ब्रेक मारू नका, मागे प्रवासी आहेत. सुरुवातीपासूनच गाडी खालच्या गिअरला ठेवा आणि काच थोडी उघडी ठेवा. आवाज जिथे जोरात येतो, तिथे पुढच्या वळणावर ते रस्त्यात असतातच. यात गाडीला पंधरा-वीस मिनिटे उशीर होईल. वाहतूक नियंत्रकांना विनंती आहे की त्या रात्री उशिराच्या कारणात ‘पाऊस’ लिहावे आणि चालकाला जाब विचारू नये.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग