स्टुलावर आधी बसून बघणाऱ्या सुतारकाकांना

काका, नमस्कार.

काल संध्याकाळी आई त्या स्टुलावर बसली, मोजे घातले, बुटांचे बंद बांधले आणि उठली. एवढंच. भिंतीला हात लावला नाही, मला हाक मारली नाही. मी आतून बघत होते, डोळे भरून आले, म्हणून लगेच लिहायला बसलेय, नाहीतर हे राहूनच जाईल.

तुम्ही आलात ते अगदी शेवटी, त्यामुळे आधी काय काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. आईचे गुडघे दुखतात, आणि बसायची जागा जेवढी खाली तेवढा उठताना गुडघ्यांवर जोर जास्त येतो, त्यामुळे तिच्या मापाचं 18 इंच उंचीचं स्टूल आपणच बनवायचं असं मी ठरवलं. करवत तोपर्यंत कधी हातात धरली नव्हती. लाकूड विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं की पूर्ण वाळलेलं आहे, बिनधास्त घ्या. नव्हतं वाळलेलं. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ फरक पडत नाही पण रुंदीत आकसतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं, सांधे सैल झाल्यावर. आई एकदाच बसली, स्टूल हललं, ती दचकून उठली आणि त्यानंतर बसलीच नाही. वर मलाच म्हणायची, छान झालंय गं. ते जास्त लागायचं.

मग मी पाय कापायला लागले. एक कापला की दुसरा लांब वाटायचा, तो कापला की तिसरा, असं करत करत अठराचं सतरा झालं तरी डुगडुग आहे तशीच, आणि प्रत्येक कापासोबत स्टूल आईसाठी अजून खाली चाललेलं. शेवटी एका कारागिराला बोलावलं. त्याने स्टूल एका पायाला धरून उचललं, हसला, म्हणाला मॅडम हे सरपण आहे, रेडिमेड घ्या, हे तुमचं काम नाही. आणि जाताना कुणालातरी दाखवायला फोटो काढून घेऊन गेला. आई तिथेच उभी होती. दुसऱ्या एकाने उद्या येतो, उद्या येतो म्हणत तीन आठवडे काढले, मग फोन उचलणंच बंद केलं. काम जमत नसेल, परवडत नसेल तर नाही म्हणावं की सरळ, त्याचा राग येत नाही. पण तो फोटो मी अजून विसरले नाहीये.

तुम्ही तर समोरच्या घरी दरवाजा बसवायला आला होतात, आमच्याकडे फक्त एक्स्टेन्शन बोर्ड मागायला. कोपऱ्यातलं स्टूल दिसलं, विचारलंत कुणी बनवलं. मी हळूच म्हटलं, मी. आणि तुम्ही बसलात. काही न बोलता, न हसता, अंगाचा सगळा भार टाकून बसलात, आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचललेत. काका, मी बनवलेल्या वस्तूवर इतक्या भरवशाने तोवर कुणीच बसलं नव्हतं. बाकी तुम्ही जे केलंत ते मोठंच आहे, पण माझ्या मनात ते वर उचललेले दोन पायच राहिलेत.

मग उठून तुम्ही स्टूल जागच्या जागी पाव वळसा फिरवलंत, परत हलवून बघितलंत, आणि म्हणालात, "ताई, अर्धी चूक फरशीची आहे, तुम्ही उगाच पाय कापत बसलात." स्टूल फिरवल्यावर वेगळाच पाय अधांतरी राहिला होता! इतके दिवस मी वाकड्या फरशीच्या मापाने लाकूड कापत होते आणि हे मला एका माणसानेही सांगितलं नाही.

सांधे उघडून परत चिकटवलेत त्यातलं मला सगळं कळलं नाही. पण दोन दिवसांनी कामावरून घरी जाताना तुम्ही परत आलात ते डोळ्यासमोर आहे. सपाट प्लायवर स्टूल ठेवलंत, आखूड पायाखाली पाचर सारलीत, एका छोट्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती एकाच उंचीची रेघ फिरवलीत. आणि करवत माझ्या हातात दिलीत. म्हणालात, रेघेच्या खालच्या बाजूने कापा, पातं स्वतःची जाडी खातं, रेघ दिसत राहिली पाहिजे. तुम्ही कापलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं, मला अर्धा तास लागला आणि तेवढा वेळ तुम्ही स्टूल घट्ट धरून बसलात, दिवसभर काम करून आलेला माणूस. उंची गेली ती जेमतेम अर्धा सेंटीमीटर.

पैसे विचारले तर म्हणालात, याचे कसले पैसे. ज्याच्या हातात कला आहे त्याने नवख्या माणसाशी असं वागावं हे इतकं साधं आहे, आणि तरी ते मिळायला मला किती दारं वाजवावी लागली. चांगुलपणा असतो हो जगात, एक्स्टेन्शन बोर्ड मागायच्या निमित्ताने दारात येतो.

कानावर ठेवलेली तुमची ती चपटी पेन्सिल इथेच राहिलीय. समोरचं काम संपलं म्हणतात, पण ती घ्यायला तरी या. आईने सांगितलंय की काकांना आता बसायला दुसरी खुर्ची दे, हे स्टूल माझं आहे.