फुलं नव्हती, की तू नव्हतीस?

काका,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात प्रबंध सादर केला. आभाराच्या पानावर तुमचा उल्लेख एका ओळीत आहे आणि ती ओळ मला फार तोकडी वाटते. म्हणून हे पत्र. ते सर्वांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही जे शिकवलंत ते आमच्या कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

२०२१ चा पावसाळा आठवतो ना? पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर १ मीटर बाय १ मीटरच्या ४० चौकटी आखून मी दर आठवड्याला त्यांतली फुलं मोजत होते. जुलैअखेरीस महापूर आला, पन्हाळ्याचा रस्ता खचला आणि सलग ३ आठवडे मला वर जाता आलं नाही. पुढे एक्सेलमध्ये नोंदी चढवताना त्या आठवड्यांच्या घरांत मी ० भरला. रिकामी घरं डोळ्यांना खुपत होती. आलेख मात्र देखणा आला, पाऊस शिगेला आणि फुलं तळाला. अतिवृष्टीत बहर थांबतो, असं सांगणारं पोस्टर परिषदेसाठी छापूनही झालं.

तुम्ही ते पाहिलंत, आलेखातल्या त्या खड्ड्यावर बोट ठेवलंत आणि विचारलंत, "बाळ, या आठवड्यांत फुलं नव्हती, की तू नव्हतीस?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. रस्ता बंद पडला होता तो नेमका सर्वांत जास्त पावसाच्या आठवड्यांत. म्हणजे माझी गैरहजेरीच पावसाचा परिणाम होऊन आलेखात बसली होती. इतर कुठल्या आठवड्यांत खाडे झाले असते तर चूक एवढी सफाईने लपली नसती. ० म्हणजे मी गेले, पाहिलं आणि फूल नव्हतं. रिकामं घर म्हणजे कुणी पाहिलंच नाही. सगळे खोटे ० काढले तेव्हा तो खड्डा गेला आणि पोस्टर मागे घ्यावं लागलं. तुम्ही एका शब्दाने रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी कपाटातून माझ्या पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदवह्या काढल्यात आणि शेजारी बसून एकेक ओळ वाचून दाखवलीत. पावसात शाई फुटते, शिसं टिकतं, म्हणून पेन्सिलीचा आग्रह तुमचाच होता.

तेव्हाच पावसाच्या तारखांचा घोळ सापडला. आपल्याकडे पर्जन्यमापक सकाळी ८:३० ला वाचतात आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर मांडतात. म्हणजे मंगळवारच्या आकड्यात बराचसा पाऊस सोमवारचा. तरुणपणी रोज सकाळी हीच नोंद घेतलेल्या माणसाशिवाय हे मला कुणी सांगितलं असतं? तारखा वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने लिहायची सवयही त्याच दुपारची. मी ३ जुलैसाठी ३/७ लिहिलेलं एक्सेलने ७ मार्च करून ठेवलं होतं. याच एक्सेलपायी काही मानवी जनुकांची नावं २०२० साली अधिकृतपणे बदलावी लागली. 'मार्च१' हे जनुकाचं नाव तारीख बनून जायचं, आता ते 'मार्चएफ१' आहे. हे पुढे वाचलं तेव्हा मला तुम्हीच आठवलात.

मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम तिच्या प्रतीवर करायचं, एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवायची, हे सगळं पाळते आहे. पण काका, खरा धडा त्या प्रश्नाचा. आता मी नव्या मुलींच्या वह्या तपासते, तेव्हा आधी त्यांना विचारते की त्या दिवशी तू तिथे होतीस का.

संपूर्ण डेटा आता कुणालाही पाहता येईल असा खुला ठेवला आहे. प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी फाइल सोबत जोडली आहे. त्यात २०२१ ची १२० घरं रिकामी आहेत आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहिलं आहे, 'पूर, रस्ता बंद, निरीक्षण नाही'. तुम्ही सांगितलं होतंत अगदी तसंच.

सप्टेंबरमध्ये गेंद फुलला की काकूंना घेऊन पठारावर याल का? ७ नंबरच्या चौकटीचे खुंट अजून जागेवर आहेत.

तुमची,
चौकटीवाली