आधी गोधडी, मग माईक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी स्टुडिओ कसा करायचा यावरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. माहिती चांगलीय पण यादी बघून सामान्य माणूस पहिल्याच पानावर गार पडेल. कंडेन्सर माईक, इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायची पेटी), मॉनिटर स्पीकर, भिंतींना फोम... अहो, ज्याला आजीच्या ओव्या नाहीतर स्वतःच्या कविता रेकॉर्ड करायच्यात त्याला यातलं निम्मंही लागत नाही.

मुळात कंडेन्सर माईक आमच्यासारख्या चाळीत-सोसायटीत राहणाऱ्यांच्या कामाचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तो नाजूक आवाजही टिपतो हे खरं, पण मग शेजारचा कुकर, खालची रिक्षा, डोक्यावरचा पंखा हेही टिपतो, वर यूएसबीवाला सोडला तर त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या वायरीतूनच दिलेली वीज लागते, म्हणजे इंटरफेस आलाच. त्यापेक्षा साधा डायनॅमिक माईक घ्या (स्टेजवर असतो तसला, जवळचाच आवाज जास्त टिपणारा), त्यातही यूएसबीवाला मिळाला तर थेट लॅपटॉपला जोडता येतो. सॅमसन क्यूटूयू सारख्या माईकला यूएसबी आणि एक्सएलआर (इंटरफेसला जोडायची तीन पिनांची जोडणी) दोन्ही आहे, उद्या इंटरफेस घेतलात तरी माईक तोच चालतो. बोलायचं मात्र वीतभर अंतरावरून, आणि तोंड जरा तिरकं ठेवून, म्हणजे 'प' आणि 'फ'चे फटके बसत नाहीत. अंतर निम्मं केलं की आपला आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा आहे तेवढाच राहतो, ही फुकटातली सुधारणा कुणी सांगतच नाही.

आणि तो फोम! पातळ फोम फक्त वरच्या पट्टीचा घुमारा थोडा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. अंड्यांचे ट्रे लावणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, उपयोग शून्य आणि आगीची भीती वेगळी. दोन जाड गोधड्या कपडे वाळवायच्या स्टँडवर टाकून पाठीमागे आणि बाजूला उभ्या करा, गादी असलेल्या खोलीत बसा, उघडं कपाट असेल तर त्याच्याकडे पाठ करून. पंखा बंद, फ्रिजपासून लांब. बाथरूमसारखा घुमणारा आवाज गेला की निम्मं काम झालं.

सॉफ्टवेअरला पैसे घालू नका, ऑडॅसिटी फुकट आहे. लेव्हल वजा १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, लाल दिवा लागेपर्यंत वाढवलं की आवाज फाटतो आणि तो नंतर धड दुरुस्त होत नाही. सुरुवातीला चार-पाच सेकंद गप्प बसा, ती शांतता निवडून ऑडॅसिटीतल्या नॉईज रिडक्शनला दाखवायची म्हणजे मागे उरलेली घरघर कमी होते. पण जास्त कापू नका, आवाज पाण्यातून आल्यासारखा येतो. मूळ फाईल डब्ल्यूएव्हीतच (न दाबलेल्या, पूर्ण दर्जाच्या प्रकारात) ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवायला वेगळी एमपीथ्री करा.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तसलं काम घरोघरी व्हायला हवं, आजी हयात असेपर्यंत. तेव्हा पुढच्या पुरवणीत पाच हजाराच्या आतला सेटअप छापा, आणि सोबत गोधड्यांचा फोटोही टाका.

आपला वाचक,
डोंबिवली